कृष्णा : नदीचे नाव आणि लेकीचे नाव



वाईत येऊन कृष्णेविषयी बोलणे म्हणजे माहेरवाशिणीला तिच्याच घराचा पत्ता सांगण्यासारखे आहे. तुमचे घाट, तुमचा ढोल्या गणपती, पांडवगड, माघ-फाल्गुनातला कृष्णाबाईचा उत्सव हे तुम्ही जन्मापासून पाहत आला आहात. त्यातले नवे मी काय सांगणार? पण ह्या गावी पाहुण्याने आपले ज्ञान जरा जपूनच उघडावे, असा संकेत आहे. जेथे धर्मकोशाचे खंड सिद्ध झाले आणि मराठी विश्वकोशाची पाने लिहिली गेली, तेथे शब्दाचा अर्थ सांगावयास उभे राहणे हे धाडसच म्हणावयाचे. म्हणून मी विषय अगदी लहान घेतला आहे. एकच शब्द, तोही दोन अक्षरांचा : कृष्णा. नदी म्हणून नव्हे, तर मुलीचे नाव म्हणून त्याचा विचार करावा असा माझा आजचा बेत आहे.

आरंभ व्याकरणापासून करू. 'कृष्ण' म्हणजे काळा, त्याचे स्त्रीलिंगी रूप 'कृष्णा'. इतका सरळ हा शब्द आहे. वेदांत रात्रीला कृष्णा म्हटले आहे. अमरकोशात पिंपळीच्या नावांत कृष्णा हे एक नाव येते. म्हणजे ज्या वस्तूत काळेपणा आहे आणि जी स्त्रीलिंगी आहे, ती कृष्णा. शेवटच्या दीर्घ 'आ'काराने देवाची देवी होते. परंतु आपण मराठी माणसांनी ह्या आकाराचा थोडा घोटाळा करून ठेवला आहे. आपण मुलाला 'अरे कृष्णा' अशी हाक मारतो, ती संबोधनाची. पुढे ती हाकच नाव होऊन बसते, आणि मग शाळेच्या पटावर कृष्णा हा मुलगा की मुलगी हे मास्तरांना डोके वर काढून पाहावे लागते. इंग्रजी लिपीत तर दोघांचे स्पेलिंग एकच. आपल्या आजीपणजींनी ही अडचण केव्हाच ओळखली होती. त्यांनी नावापुढे 'बाई' लावली आणि वाद मिटविला. नदीसुद्धा तुमच्या तोंडी नुसती कृष्णा नाही, कृष्णाबाई आहे. तिची मूर्ती होते, तिला मांडवात बसवतात, तिची ओटी भरतात. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी संकट टळावे म्हणून केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा तुम्ही सांगता. नवस केला तो एखाद्या शस्त्रधारी देवतेला नव्हे, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला करावा तसा नदीला केला, हे मला त्यात विशेष वाटते.

आता हे नाव धारण करणारी पहिली थोर स्त्री कोण? द्रौपदी. आपण तिला द्रौपदी म्हणतो, पांचाली म्हणतो, याज्ञसेनी म्हणतो. ही नावे जरा उलगडून पाहा. द्रुपदाची मुलगी म्हणून द्रौपदी. पांचाल देशाची म्हणून पांचाली. द्रुपदाचेच दुसरे नाव यज्ञसेन, म्हणून याज्ञसेनी. ही सगळी नावे बापाची किंवा बापाच्या देशाची आहेत. त्यांत तिचे स्वतःचे काही नाही. तिचे स्वतःचे म्हणून नाव एकच, ते कृष्णा. यज्ञवेदीतून ती वर आली तेव्हा वर्णाने सावळी होती, म्हणून तिचे नाव कृष्णा ठेवले, असे महाभारत सांगते. आणि ही सावळी मुलगी भारतातली अप्रतिम सुंदर स्त्री, असेही तोच ग्रंथ सांगतो. व्यासांना ह्या दोन गोष्टींत कोठे विसंगती वाटली नाही. वाटणार तरी कशी? ते स्वतः कृष्ण द्वैपायन. ज्याच्या मैत्रीने ती तरली तो कृष्ण, आणि अर्जुनाच्या दहा नावांतही एक कृष्ण आहेच. सारे महाभारत अशा काळ्यासावळ्या माणसांनी तोलून धरलेले आहे.

तुमच्या गावाची आणि ह्या नावाची एक गाठ मला फार अर्थपूर्ण वाटते. वाई म्हणजेच विराटनगरी अशी इकडची जुनी समजूत आहे. इतिहासाचे अभ्यासक मत्स्यदेश आणि विराटाची राजधानी राजस्थानात जयपूरजवळच्या बैराटला दाखवितात, आणि त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण लोकांची समजूत ही सुद्धा एक प्रकारची साक्ष असते. क्षणभर ती खरी धरा. म्हणजे काय झाले? ह्याच काठावर अज्ञातवासाच्या वर्षात एका राणीला आपले नाव लपवावे लागले. सैरंध्री म्हणून तिने दुसऱ्या राणीचे केस विंचरले, गंध उगाळले, कीचकाचा छळ सोसला. आणि ती आपले नाव गिळून बसली असताना वाड्याबाहेरून नदी तेच नाव घेऊन वाहत होती! ही कल्पना इतिहासात बसत नाही. पण नाव लपवावे लागणे म्हणजे काय, हे बायकांना समजावून सांगावे लागत नाही. त्याकडे मी पुढे येणार आहे.

आता नदीकडे वळू. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात तुम्ही पुष्कळदा गेला असाल. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचे उगम तेथे एकत्र दाखवितात. तेथली कथा मोठी मानिनीची आहे. ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ मांडला. मुहूर्त आला तरी सावित्री आली नव्हती. देवांना धीर निघाला नाही. त्यांनी गायत्रीला तिच्या जागी बसवून यज्ञ सुरू केला. सावित्री आली आणि पाहते तो आपल्या आसनावर दुसरी! तिने सर्वांना शाप दिला, तुम्ही पाणी होऊन वाहाल. त्याप्रमाणे विष्णू कृष्णा झाला, शंकर वेण्णा झाला, ब्रह्मदेव कोयना झाला, आणि सावित्री-गायत्रीही नद्या झाल्या. भूगोल कथेला कसा साथ देतो पाहा. तिन्ही देव पूर्वेला गेले आणि त्या दोघी पश्चिमेला कोकणात उतरल्या. गायत्री सावित्रीला मिळाली आणि सावित्री बाणकोटजवळ समुद्राला मिळाली. पुराणकारांनी एका अपमानित पत्नीच्या हाती एवढी शक्ती दिली की, तिच्या शब्दाने विष्णूसुद्धा स्त्रीरूप होऊन वाहू लागला. कृष्णाचा 'कृष्णा' होण्यामागे पुराणाला व्याकरणाचे सूत्र दिसले नाही, एका बाईचा राग दिसला.

दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीला आला की गंगा कृष्णेच्या भेटीला येते, ह्या पर्वाला आपण कन्यागत म्हणतो. 2016 साली ते झाले. गोरी गंगा काळ्या कृष्णेकडे माहेरपणाला येते. त्या बहिणींच्या भेटीत रंगाचा प्रश्न कोणी काढल्याचे ऐकिवात नाही.

आता गंमत पाहा. मुलींची नावे कशी असावीत ह्याविषयी आपल्या धर्मशास्त्राने बारीक विचार केला आहे. नाव उच्चारावयास सोपे असावे, कठोर नसावे, अर्थ स्पष्ट असावा, मनाला आवडावे, मंगल असावे, शेवट दीर्घ स्वराने व्हावा, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. ह्यात वावगे काही नाही. गृह्यसूत्रांत मुलीच्या नावाची अक्षरे विषम असावीत असे आहे. आणि मनूच्याच तिसऱ्या अध्यायात, कोणत्या मुलीशी लग्न करू नये त्याची यादी देताना, नक्षत्राचे, झाडाचे किंवा नदीचे नाव असलेली मुलगी करू नये, असे म्हटले आहे! म्हणजे कृष्णा हे नाव दोन कलमांखाली अपराधी ठरते. एक तर अक्षरे दोन, म्हणजे सम. आणि शिवाय नदीचे नाव. पण महाराष्ट्राने काय केले? शास्त्री-पंडितांच्या घरांतसुद्धा गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, कावेरी, भीमा, सरस्वती अशा मुली नांदल्या आणि त्यांची लग्नेही झाली. मनूचे ते वचन पाठशाळेत म्हटले गेले असेल. पाळण्यापाशी मात्र ते कोणी ऐकले नाही. बारशाला पाळण्याभोवती राज्य बायकांचे असते. कानात नाव सांगते ती आत्या. तिला नदी हा दोष वाटला नाही. तिला ते पाणी, पीक आणि पुण्य वाटले. आपल्या वाईने ज्यांच्यामुळे लावणी जगाच्या कानी घातली, त्या पद्मश्री यमुनाबाई वाईकर 2018 साली वारल्या. त्यांच्या नावात नदी आहे आणि गावही आहे. धंदा, जात, प्रतिष्ठा ह्यांच्या सगळ्या भिंती ओलांडून नदीची नावे सर्व घरांत सारखी गेली आहेत.

पण ह्या नावांचे पुढे काय झाले, हाही प्रश्न आहे. ह्या जिल्ह्यातून आता सांगली जिल्ह्यात गेलेल्या देवराष्ट्रे गावी एक यमुना जन्मली. 1873 साली तिचे लग्न झाले आणि ती रमा झाली. त्या म्हणजे रमाबाई रानडे. ज्या न्यायमूर्तींनी पुण्यास वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, त्यांच्या त्या पत्नी. 1865 साली जन्मलेली दुसरी एक यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि 1886 साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन बाहेर पडली. त्या आनंदीबाई जोशी. देवरुखच्या जोश्यांची गोदू 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदी झाली. आणि तिची बहीण, जी पुढे पार्वतीबाई आठवले म्हणून हिंगण्याच्या आश्रमासाठी देशोदेशी झोळी घेऊन फिरली, तिचे माहेरचे नाव होते कृष्णा! चार कर्तबगार स्त्रिया. चौघींची माहेरची नावे नद्यांची. आणि चारही नद्या उंबऱ्यापाशी थांबल्या. ताटात तांदूळ पसरून त्यात सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहावयाचे, हा विधी दिसावयास मोठा गोड आहे. त्या तांदळांखाली काय पुसले जाते, ते मात्र कोणी पाहिले नाही. ही चाल आता पुष्कळ मागे पडली आहे, आणि पडली ते बरे झाले.

नदी मात्र ह्या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी निघाली. कृष्णेला माहुलीस वेण्णा मिळते, कराडास कोयना मिळते, हरिपुरास वारणा, नृसिंहवाडीस पंचगंगा. पुढे कर्नाटकात भीमा येते, त्याच्याही पुढे तुंगभद्रा येते. चार राज्ये लागतात, भाषा मराठीची कानडी होते, कानडीची तेलुगू होते. पण महाबळेश्वरी गोमुखातून पडताना जे नाव तेच नाव सुमारे चौदाशे किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत टिकते. दक्षिणेकडचे लोक फार तर प्रेमाने कृष्णवेणी म्हणतात. माहेरचे नाव शेवटपर्यंत राखणारी अशी ही नदी आहे.

एवढे सगळे कौतुक केल्यावर मला एक कबुली द्यावयाची आहे, कारण तिच्यामुळेच मी हा विषय निवडला. काही वर्षांपूर्वी आमच्या घरात मुलगी जन्मली. नावे सुचविण्याचे काम माझ्याकडे होते. मी म्हटले, कृष्णा ठेवा. कुळ कृष्णाकाठचे, नाव जुने आणि अर्थाचे. क्षणभर कोणी बोलले नाही. मग घरातल्या एका वडील बाई हळूच म्हणाल्या, "अहो, पोर आधीच सावळी आहे. त्यात नावही तेच ठेवायचं? उद्या लोक काय म्हणतील?" आणि मुलीचे नाव गौरी ठेवले. सभांतून बोलणारा मी, त्या दिवशी गप्प बसलो. पेढा खाल्ला आणि घरी आलो.

गौरी हे नाव वाईट नाही. पण गौरीची कथा आठवा. पार्वती मूळची काळी. शंकराने थट्टेने तिला काळी म्हटले. ते तिच्या जिव्हारी लागले. तिने उग्र तप केले, सावळी कांती टाकून दिली आणि ती गौरी झाली. म्हणजे गौरी ह्या नावाच्या पोटात काळेपणावरून दुखावलेल्या एका बाईचे दुःख आहे. जगन्माता असून ती बोलणी तिला सोसवली नाहीत. आपल्या पोरीबाळींना ती कशी सोसावीत? आणि बोलणारे आपण कोण? पंढरीचा विठोबा काळा, म्हणून त्याच्या पायांवर डोके ठेवणारे. शेतजमिनीला 'काळी' म्हणणारे; गावठाण ती पांढरी आणि पिकते ती काळी, असा भेद करणारे आणि त्या काळीला आई म्हणणारे. देव काळा चालतो, जमीन काळी हवी असते, नदी काळी पूज्य असते. फक्त सून तेवढी गोरी पाहिजे! वधूवरांच्या जाहिराती काढून पाहा. हा दुटप्पीपणा पुसण्याची ताकद कृष्णा ह्या दोन अक्षरांत आहे, आणि म्हणूनच बहुधा ते नाव आज पाळण्यापर्यंत पोहोचत नाही.

ह्याहून कठीण गोष्ट सांगावयाची राहिली आहे, आणि ती ह्याच जिल्ह्याची आहे. मुलीमागून मुलगी झाली, तिसरी-चौथीही मुलगीच झाली, की आपल्याकडे तिचे नाव ठेवीत : नकुशी. नकोशी झालेली ती नकुशी. ह्या नावाने पुढचा मुलगा होतो, अशी खुळी समजूत. कोणी म्हणेल, आपण मुलांनाही दगडू, धोंडू म्हणतोच की. पण ह्या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. ज्यांची मुले जगत नसत ते आईबाप काळाची नजर चुकावी म्हणून लाडक्या मुलाला दगड म्हणत. त्या नावात जपणूक आहे. नकुशीत जपणूक नाही. ज्या घरात जन्म घेतला त्या घराने पोरीला आयुष्यभर पुरेल असा दिलेला तो नकार आहे. शाळेत हजेरी घेताना तो पुकारला जातो, आणि 'हजर' म्हणून तिने रोज तो कबूल करावयाचा!

2011 सालच्या ऑक्टोबरात साताऱ्यात एक आगळे बारसे झाले. जिल्ह्यातल्या 285 नकुशींची नावे प्रशासनाने समारंभपूर्वक बदलली. पुष्पगुच्छ आणि नव्या नावाचा दाखला हातात घेऊन मुली उभ्या राहिल्या. नावे त्यांनी आपल्या आवडीने घेतली. कोणाला नटीचे नाव आवडले, कोणी सावित्री हे नाव घेतले. मला ह्या दुसऱ्या निवडीचे विशेष वाटते. खंडाळा तालुक्यातले नायगाव येथून फार दूर नाही. तेथे 1831 साली जन्मलेल्या सावित्रीबाईंनी 1848 पासून मुलींना शाळेत अक्षरे शिकविली. आसन गमावल्यावर गप्प न बसणाऱ्या नदीचेही नाव तेच. एखाद्या नकुशीने ते उचलावे, ह्यापेक्षा त्या नावाचे मोठे भाग्य कोणते?

मात्र दाखला बदलून सर्व झाले असे मानू नका. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली 2001 सालच्या शिरगणतीत 913 होत्या. 2011 साली त्या 894 झाल्या. ज्यांची नावे ठेवावयाचीच राहिली, त्या मुली ह्या आकड्यांतून हरवलेल्या आहेत. नकुशीला निदान नाव तरी मिळाले होते. शिकल्यासवरलेल्या, यंत्रे परवडणाऱ्या घरांनी तर तेही ठेवण्याची वेळ येऊ दिली नाही. खेड्यातल्या अडाणी आईबापांना हसण्यापूर्वी आपण शहरवासीयांनी हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा.

बंधुभगिनींनो, नावात काय आहे, असे विचारणारा मनुष्य बहुधा चांगल्या नावाचा असतो. नकुशीला तो प्रश्न विचारून पाहावा. नाव ही मुलीला घराने दिलेली पहिली वस्तू. दागिना मोडता येतो, जमीन विकता येते. नाव मात्र तिच्याबरोबर चितेपर्यंत जाते. म्हणून ते देताना दोनच गोष्टी पाहाव्या. एक, त्यात तिचे स्वागत असावे. दुसरी, ते तिचे स्वतःचे असावे, म्हणजे पुढे कोणाला ते बदलण्याचा अधिकार वाटू नये. कृष्णा हे नाव ह्या दोन्ही कसोट्यांना उतरते. द्रौपदीच्या सर्व नावांत तेच एक तिचे स्वतःचे होते. आणि नदीने ते सागरापर्यंत राखले आहे.

माझ्या घरातली ती गौरी आता शाळेत जाते. मागच्या सुट्टीत मी तिला येथे घाटावर घेऊन आलो होतो. पाण्यात पाय सोडून बसली असता तिने विचारले, "आजोबा, हिला कृष्णा का म्हणतात?" मी म्हटले, "काळी आहे म्हणून." तिने पाण्यात वाकून पाहिले, मग आपल्या हाताकडे पाहिले, आणि म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखी." तिच्या बोलण्यात दुःख नव्हते, एक ओळख पटल्याचा आनंद होता. बारशाच्या दिवशी मी जे बोलावयास हवे होते, ते कृष्णाबाईने तिला स्वतःच सांगितले.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी पुढे मुलगी जन्मेल, सावळी असेल, आणि नाव काय ठेवावे असा विचार चालला असेल, तर माझ्यासारखे गप्प बसू नका, एवढेच सांगण्यासाठी मी आलो होतो.